मूळ आराखडा श्री. भगत यांचा

यवतमाळ, ९ ऑगस्ट १९६०

पुण्याच्या 'घरगुती तंत्र' मासिकाने माझा लेख स्वीकारला. संपादकांनी 'घरच्या घरी रेडिओ' या नावाने वर्षभराची लेखमाला लिहून मागितली आहे. मराठीत या विषयावर नीट लिहिणारं कोणी नाही, हे मी कॉलेजात असल्यापासून म्हणत आलो. म्हणून आजपासून ही वही. लेखांची टिपणं इथे राहतील, आणि जे कोणाला सांगता येत नाही तेही.

पदवी घेतली तेव्हा मुंबई-दिल्लीची स्वप्नं होती. वाट्याला आलं यवतमाळ. गावोगावच्या ग्रामपंचायतींना सरकारने सामूहिक रेडिओ दिले आहेत. ते बोलते ठेवायचे, हे माझं काम. संपलेल्या बॅटऱ्या, तुटलेल्या एरियली, लाऊडस्पीकरात उंदरांची बाळंतपणं. अधिकारी म्हणून मी, आणि हाताखाली एकच मेकॅनिक, बळीराम भगत. अडतिशीचा असेल. लढाईत सिग्नल्समध्ये होता, ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला. शिक्षण सातवी. चार वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्म घेतला. तेव्हापासून ऑफिसात कोणी जातीवरून हाक मारली, की तो ऐकू न आल्यासारखा काम करत राहतो.

मी मात्र त्याला माणसासारखं वागवतो. आमच्या स्टोव्हवरचा चहा त्यालाही देतो. कप वेगळा आहे, पण चांगला चिनी मातीचा आहे.

लेखाची शुद्ध प्रत माझ्या बायकोने, प्रभावतीने केली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. संपादकांनी हस्ताक्षराचंही कौतुक केलं आहे. ते मी तिला सांगितलं नाही, उगाच हुरळेल.

२६ ऑगस्ट

घाटंजीच्या पलीकडे एका तांड्यावर गेलो होतो. तिथला रेडिओ दोन महिने मुका. तांड्याचे नाईक खेमसिंग यांनी लिंबाखाली बाज टाकली आणि सगळा तांडा भोवती बसला. मी व्हॉल्व्ह तपासले, बॅटरी मोजली, सेटचा नकाशा काढून पाहिला. दीड तास गेला. बळीराम शेजारी उकिडवा बसून होता. मग म्हणाला, साहेब, मी पाहू काय? त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या मागच्या टोकाने एकेक सांधा हलवत गेला. चौथ्या का पाचव्या सांध्याला खरखर झाली. तिथे कथलाचा डाग सुटला होता. नागपूर केंद्र लागलं, बाया हसायला लागल्या.

खेमसिंगने बळीरामला विचारलं, "इंजिनेर तूच काय?"

"साहेब आहेत इंजिनेर," तो म्हणाला. "मी फक्त हात लावतो."

बरोबर उत्तर दिलं. तरी परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी बोललो नाही. ते माझ्याही लक्षात येणारच होतं. सप्टेंबरच्या लेखात पेन्सिलीची युक्ती घालतो आहे. 'माझ्या अनुभवात' असं लिहिलं. मी तिथे हजर होतो, म्हणजे अनुभव माझाही आहेच.

१४ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते आधी सरळ लिहून टाकतो.

बळीरामची आई रुखमाबाई पार बहिरी आहे. त्याने मोडीत काढलेल्या सेटचे दोन व्हॉल्व्ह, टेलिफोनचा मायक्रोफोन आणि लष्कराच्या जुन्या मालाच्या बाजारातला हेडफोन जमवून एक श्रवणयंत्र केलं आहे. पाटीपुऱ्यात त्याच्या घरी वीज नाही, म्हणून म्हातारीला दुपारी कचेरीत घेऊन आला. बाकावर बसवली, हेडफोन चढवला, आणि मायक्रोफोनपाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "माय."

म्हातारीने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, मागे कोणीतरी आहे. मग तिने त्याच्या ओठांना हात लावला. म्हणाली, "तुह्या आवाज तुह्या बापासारखा झाला."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. हे प्रामाणिकपणे लिहितो, कारण पुढचंही प्रामाणिकपणे लिहायचं आहे. त्याच क्षणी माझ्या मनात आलं की डिसेंबरच्या अंकाला विषय मिळाला. नुसता विषय नव्हे, अख्ख्या महाराष्ट्रात नाव होईल असा लेख.

मी आराखडा मागितला. त्याने तिथेच पाठकोऱ्या कागदावर काढून दिला. यंत्र थेट घरच्या विजेवर चालतं, त्यामुळे आतला पत्र्याचा सांगाडा विजेच्या एका तारेलाच जोडलेला असतो. म्हणून हेडफोनच्या आधी त्याने स्वतः गुंडाळलेला एक लहान ट्रान्सफॉर्मर घातला होता. आवाज पलीकडे जातो, लाइन, म्हणजे विजेचा प्रवाह, पलीकडे जात नाही. त्याखाली त्याने दोनदा रेघ ओढून लिहिलं: 'हे काढू नये. कानाले लाइन लागन.'

कागद देताना विचारलं, "खाली माह्यं नाव येईन काय, साहेब?"

मी म्हणालो, मासिकाची पद्धत असते, एका लेखाला एकच नाव. त्याने मान हलवली आणि आईला रस्ता ओलांडून द्यायला गेला.

२ ऑक्टोबर

संपादकांचं पत्र. श्रवणयंत्राचा विषय त्यांना फार आवडला, पण दोनच पानं मिळतील, आणि खेड्यातल्या वाचकाला न मिळणारं काही नको.

सगळी अडचण त्या लहान ट्रान्सफॉर्मरची. बाजारात मिळत नाही, घरी गुंडाळायचा तर बारीक तारेचे हजारो वेढे. त्यानेच अर्धं पान खाल्लं. मी तो काढून हेडफोन सरळ जोडला. एक बाजू कंडेन्सरमधून, दुसरी सांगाड्यालाच. यंत्र बांधून पाहिलं. आवाज उलट मोठा झाला. सांगाड्याला हात लावला, काही नाही.

मग प्लग काढून उलटा करून लावला, आणि पुन्हा हात लावला. चांगला झटका बसला. माझ्या पायात रबरी चपला होत्या.

लेखात 'प्लग उलटा लावू नये' असं एक वाक्य हवं. पण दोन पायांचा प्लग, त्याला उलटं काय अन् सुलटं काय; वाचकाला कसं कळणार? ते समजवायला पुन्हा अर्धं पान. पुढच्या लेखात शंकासमाधान म्हणून देईन.

प्रभावती प्रत करत होती. तिच्यासमोर बळीरामचा कागदही होता. तिने विचारलं, याने दोनदा रेघ ओढलेली ओळ तुमच्या लेखात कुठे आहे? मी म्हणालो, ती तांत्रिक बाब आहे. तिने काही वेळ लेखणी तशीच धरली, आणि मग लिहिलं.

१ डिसेंबर

अंक आला. 'बहिऱ्यांना ऐकू येईल! लेखक: नी. रा. दाबके.' मुखपृष्ठावर माझ्या लेखाचं नाव. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून निरोप आला की साहेबांनी वाचला.

बळीरामला अंक दाखवला. त्याने हात पुसले आणि आकृतीवर बोट फिरवत गेला. नाव पाहतो आहे असं वाटलं. पण तो हेडफोनपाशी थांबला.

"साहेब, ट्रान्सफॉर्मर कोठी गेला?"

मी कारण सांगितलं.

"कानाले लाइन लागते ह्याच्यात."

मी म्हणालो, पुढच्या अंकात टाकू. तो म्हणाला, पुढचा अंक येयेपर्यंत लोक हाच बनवून राह्यले असतील, तार करा. तारेने कोणी अंक परत बोलावत नाही, हे त्याला कसं समजावणार? सातवी शिकलेल्या माणसाला छापखान्याचं वेळापत्रक ठाऊक नसतं. मी जरा कडक बोललो. संध्याकाळी वाईट वाटलं. सकाळी त्याच्या कपात चहा जरा जास्त ओतायला शिपायाला सांगेन.

१९ डिसेंबर

आतापर्यंत एकतीस पत्रं. सगळ्यांत छान पत्र वणीजवळच्या राजूरच्या कोळसा खाणीवरून, गोविंदा आसुटकर या माणसाचं. सत्तावीस वर्षांचा आहे. खाणीच्या लॅम्प रूममध्ये मजुरांच्या टोपीवरचे दिवे भरून देतो. वडील लहानपणीच गेले, आईने कोळसा वेचून वाढवलं, आता ती बहिरी. लेख सात वेळा वाचला म्हणतो. 'तुमी आमच्यासारख्यांसाठी लिवता,' असं लिहिलं आहे. शंका एकच विचारली: पत्र्याला हात लावला तर कधी झिणझिण्या येतात, कधी येत नाहीत, असं काहून?

मी पोस्टकार्ड टाकलं: लेखात दिल्याप्रमाणे तंतोतंत करावे, शंका बाळगू नये.

जानेवारीच्या लेखात शंकासमाधान द्यायचं राहिलं. एरियलचा विषय लांबला.

२२ जानेवारी १९६१

गोविंदाचं दुसरं पत्र. यंत्र झालं. त्याच्या आईने, मथुराबाईने, नऊ वर्षांनी खाणीचा भोंगा ऐकला आणि घाबरून उठून उभी राहिली. आता रोज शेजारच्या बायांना बोलावून बसवते आणि म्हणते, बोला काही, भांडलात तरी चालन. पत्राच्या शेवटी तिने अंगठा उठवला आहे. काळी शाई, कोळशासारखी.

हे पत्र प्रभावतीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, ट्रान्सफॉर्मरचं तुम्ही त्याला कळवलंत का? मी म्हणालो, सगळं छान चाललंय, आता कशाला भीती घालायची?

७ फेब्रुवारी

पत्र जसं आलं तसं उतरवून ठेवतो.

'साहेबांस नमस्कार. माय रविवारी वारली. घर सारवलं होतं म्हणून मी प्लग काढून ठेवला होता. दुपारी तिनं म्हटलं, लाव, मावशी आली आहे, तिचं ऐकतो. मी प्लग लावला. ती ओल्या जमिनीवर बसली होती. हेडफोनची पट्टी तिच्या कानामागं टेकली अन् तिचे हात मुठीसारखे झाले. मी ओढलं तिले, पन मलेच फेकलं. प्लग काढला तवा झालं होतं. साहेब, मी सारं लेखासारखंच केलं होतं. पन माह्या हातून कोठंतरी चुकलं असन. तुमी एवढे शिकलेले. माह्यं काय चुकलं तेवढं सांगा. मले बाकी काही नको. यंत्र तसंच ठेवलं आहे, पाहिजे तर घेऊन येतो.'

वाचताक्षणी कळलं. प्लग.

दिवसभर कचेरीत बसलो आणि काही केलं नाही. बळीराम दोनदा आत येऊन गेला. त्याला सांगावंसं वाटत होतं. त्यालाच का, ते कळत नाही.

१० फेब्रुवारी

चार मसुदे फाडले. शेवटी लिहिलं: 'आपल्या दुःखात सहभागी आहे. वर्णनावरून असे दिसते की आपण दिलेले डाग सैल राहिले असावेत, त्यामुळे विद्युतप्रवाह भलत्या मार्गाने गेला असावा. नवशिक्याच्या हातून असे होते. स्वतःला फार दोष देऊ नये.'

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. माणुसकी म्हणून.

शुद्ध प्रत करायला प्रभावतीला दिली. तिने ती वाचली आणि परत माझ्या टेबलावर ठेवली. हात दुखतो म्हणाली. वैद्याला दाखव म्हटलं, तर नको म्हणाली. दोन दिवस झाले, दुखतोच आहे. भाकरी थापते तेव्हा दुखत नाही बहुतेक. पत्र माझ्याच अक्षरात गेलं.

१५ मार्च

वणीच्या पोलिसांनी संपादकांना विचारणा केली आहे. मृत बाईच्या घरात मासिकाचा अंक सापडला. संपादकांनी घाबरून मला लिहिलं: खुलासा पाठवा, एप्रिलच्या अंकात छापू, नाहीतर लेखमाला थांबवावी लागेल, आणि पुस्तकाचंही पाहू मग.

पुस्तक. वर्षाचे सगळे लेख एकत्र करून पुस्तक काढायचं त्यांनी कबूल केलं होतं.

मी शांतपणे विचार केला. आराखडा कोणाचा? बळीरामचा. कोणी त्याला विचारलं तर तोही नाही म्हणणार नाही. मी त्यात एक बदल केला, पण मूळ वस्तू त्याची. एखाद्या माणसाला त्याचं श्रेय देणं यात वाईट काय? उलट सप्टेंबरात त्यानेच नाव मागितलं होतं.

२० मार्च

आज बळीरामला आत बोलावलं. निवेदन वाचून दाखवलं: 'सदर आराखडा आमच्या कचेरीतील मेकॅनिक श्री. बळीराम भगत यांनी तयार केलेला असून लेखकाने केवळ शब्दांकन केले आहे.' खाली त्याची सही हवी होती.

तो उभाच होता. मग माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला. सहा वर्षांत पहिल्यांदा बसला. मी काही म्हटलं नाही.

"सर्किट माह्यंच होतं, साहेब," तो म्हणाला. "पन ज्यानं बाई मेली, थे माह्यं नोहोतं."

मी त्याला समजावलं की पोलिसांना इतका बारीक फरक कळत नाही. माझ्यावर आलं तर कचेरीच बंद होईल, मग त्याचीही नोकरी जाईल. त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याने विचारलं, त्या राजूरच्या मानसाले काय लिवलं तुमी? मी सांगितलं. डाग सैल राहिले असं लिहिलं.

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"म्हंजे त्याले वाटून राह्यलं का आपन आपल्या मायले मारलं."

मी म्हणालो, काळ हे औषध आहे.

"मी सही करतो," तो म्हणाला. "तुमी त्याले लिवा का त्याच्या हातून काही चुकलं नाही. तेवढं लिवा. मंग माह्या नावाचं काय करायचं थे करा."

आजच लिहितो, शपथेवर सांगतो, म्हणालो. तो म्हणाला, शपथ नका घेऊ, लिवा फक्त. मग सही केली. इंग्रजीत, लष्करात शिकवतात तशी, एकेक अक्षर सुटं.

पत्र मी खरोखर आजच लिहिलं. पाकिटात घातलं. पण पोस्टात टाकण्याआधी एक विचार आला. गोविंदाचं काही चुकलं नाही असं माझ्या सहीने गेलं, आणि ते पोलिसांच्या हाती पडलं, तर ते विचारणार, मग चुकलं कोणाचं? पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं आहे. चौकशी आटोपली की टाकतो.

१२ एप्रिल

अंक आला. खुलासा शेवटच्या पानावर, चौकटीत. 'मूळ आराखडा श्री. बळीराम भगत यांचा.' अक्षरं ठळक आहेत.

पुढच्या वर्षासाठी बळीरामची हंगामी जागा चालू ठेवायची की नाही, असं नागपूरच्या वरिष्ठ कचेरीने आधीच विचारलं होतं. त्यांच्यापर्यंत प्रकरण गेलं होतंच. त्याच्याबद्दल माझं मत एका रकान्यात मागितलं होतं. मी रकाना कोरा ठेवला. कोणाचं वाईट लिहायचं नाही, हा माझा नियम आहे. ३१ मार्चपासून तो सुटला. जाताना हत्यारांची पेटी मोजून दिली, एकही वस्तू कमी नव्हती. त्याचं ते श्रवणयंत्र मी जमा करून घेतलं, कारण त्यातले व्हॉल्व्ह सरकारी मोडीतले होते. नियम म्हणजे नियम.

आज दुपारी रुखमाबाई कचेरीत आली. हातात अंक, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला. तिला वाचता येत नाही. तिने चौकटीवर बोट ठेवून विचारलं, पोराचं नाव हेच काय? मी मोठ्याने हो म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही. मग मी मान हलवली.

"साऱ्या वस्तीले दाखोलं," ती म्हणाली. "आमच्यात कोनाचं नाव कधी छापून नाही आलं. तुमचे लई उपकार झाले, साहेब."

गूळ-फुटाण्यांची पुडी ठेवून गेली. पुडी शिपायाला दिली. चौकट कशाबद्दल आहे, ते बळीरामने तिला खुणेनेही सांगितलेलं दिसत नाही. शहाणा आहे. आणि हे पाहून मलाही बरं वाटलं. म्हणजे त्या घरात कोणाचा माझ्यावर राग नाही.

३० मे

पोलिसांनी अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद केला. संपादकांचं पत्र: पुस्तक ऑगस्टमध्ये. श्रवणयंत्राचं प्रकरण मी गाळलं आहे. त्या जागी एरियल.

गोविंदाची आणखी दोन पत्रं आली होती. पहिल्यात लिहिलं होतं की त्याने सगळे डाग पुन्हा भिंगाने तपासले, एकही सैल सापडला नाही. मग कोणता, तेवढं सांगा. दुसऱ्यात तेच, फक्त अक्षर बिघडलेलं. आणि लॅम्प रूम सोडली, आता खाली खाणीत कोळशाच्या भरणीला जातो, कारण दिव्याच्या तारेला हात लावला की हात कापतात.

उत्तर दिलं नाही. खणातलं पाकीट टाकावं असं दोनदा मनात आलं. पण आता इतके दिवसांनी टाकलं तर इतके दिवस का नाही टाकलं, हाही प्रश्न येणार. दुःख आपोआप विरतं, ते कोणी बाहेरून कमी करू शकत नाही.

नवा मेकॅनिक आला आहे, उकंडा नावाचा. खराब सेट दिसला की आधी माझ्याकडे पाहतो. मला ते आवडतं. गावोगावचे अकरा रेडिओ बंद आहेत.

प्रभावतीचा हात अजून दुखतो.

२० ऑगस्ट

पुस्तक आलं! एकशे बारा पानं, कापडी बांधणी. 'घरच्या घरी रेडिओ, नी. रा. दाबके, पदवीधर अभियंता.' नव्या कागदाचा वास किती वेळ घेत बसलो.

प्रभावतीला पहिली प्रत दिली. तिने चाळली, आणि जिथे श्रवणयंत्राचं प्रकरण असायला हवं होतं तिथे थांबली. मग मिटून देव्हाऱ्याजवळ न ठेवता कपाटात ठेवली.

३ सप्टेंबर

आज रविवार. दहाच्या सुमाराला दारात एक माणूस. हडकुळा, केस भादरलेले, धुतलेला सदरा. नखांत कोळसा. म्हणाला, मी गोविंदा आसुटकर, राजूर.

मी दार लोटायला हात नेला. पण त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. पुस्तकाची जाहिरात पाहून आला होता. बसवलं, चहा मागवला. आई गेल्यापासून झोप नव्हती म्हणाला, खाणीतही दोनदा दगडाखाली येता येता वाचला. आता बरा आहे.

मी विचारलं, कशाने बरं वाटलं?

"तुमचा मेकॅनिक आलता, साहेब. भगत. मांगच्या महिन्यात. वणीपर्यंत यष्टीनं आला, अन् तिथून पायी. पाळी सुटत होती. लॅम्प रूमच्या पुढं उभा राह्यला अन् माह्यं नाव घेऊन विचारलं. मी म्हटलं, मीच. तं म्हने, तुह्या हातून काही चुकलं नाही. डाग-बिग काही सैल नोहोता. चूक माही होती. मासिकात नाव वाचलं ना, थो मीच."

प्रभावती चहाचा कप घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहिली.

"मी मारलं त्याले," गोविंदा म्हणाला. आवाज शांत होता. "कमरेचा पट्टा काढून मारलं. सारी पाळी पाहून राह्यलती. त्यानं हात वर नाही केला. पडला तं उठून परत उभा राह्यला, का अजून मार म्हनून. त्या दिवशीपासून मले झोप लागते, साहेब. आता मी मायचा फोटो पाहू शकतो."

मला काही बोलायची गरज नव्हती. मग प्रभावतीने विचारलं, "कुठे लागलं त्यांना?"

"पाठीवर, तोंडावर. अन् पडला तवा उजव्या हातावर माह्या बूट पडला, बाई. दोन बोटं गेली म्हनतात. आता पेचकस धरता येत नाही असं आयकलं." तो खाली पाहत राहिला. "वाईट तं वाटते. पन त्यानं माह्या मायले मारलं."

मी प्रभावतीकडे पाहिलं. ती आता बोलेल असं वाटलं. ती गोविंदाच्या तोंडाकडे पाहत होती. ते झोप मिळालेल्या माणसाचं तोंड होतं. तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "निवेल, घ्या."

गोविंदाला पुस्तकावर माझी सही हवी होती. विजेच्या कामाला आता हात लावणार नाही, पण तुमचं पुस्तक घरात ठेवीन, म्हणाला. मायला तुमच्यामुळेच पंधरा दिवस ऐकू आलं. मी लिहिलं: 'श्री. गोविंदा आसुटकर यांस, तंत्राची आवड अशीच राहो.' खाली सही आणि तारीख. त्याने शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरलं. मग पुन्हा पाया पडून गेला.

प्रभावतीने पदर नीट केला आणि चपला घातल्या. कुठे निघालीस, विचारलं. पाटीपुऱ्यात म्हणाली. मी म्हणालो, त्यांचं घर तुला कुठे माहीत आहे? ती म्हणाली, विचारीन. माझं ताट तिने झाकून ठेवलं होतं. तिने मला चला म्हटलं नाही.

चार वाजले तरी आली नाही. जेवण करून मी दुसऱ्या आवृत्तीसाठी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासलं. छपाईच्या तीन चुका निघाल्या: एक वेलांटी, एक आकडा, आणि आकृती सात उलटी छापली गेली आहे. बाकी पुस्तक निर्दोष आहे.